वन्यजीवांची सुवाह्य जनुकीय तपासणी

विष्ठा, केस, मांसाचा तुकडा किंवा पाणवठ्यातील पाणी यांतील डीएनए रानातच तपासून प्राणी ओळखण्याची पद्धत. बेळगाव सीमाभागात तिचे महत्त्व मुख्यतः खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जांबोटी व भीमगड या घाटमाथ्याच्या पट्ट्यात आहे. महाराष्ट्रातील चंदगड-तिळारी, गोव्यातील म्हादई आणि दक्षिणेकडील कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प यांची राने येथे एकमेकांस भिडतात. एकाच वाघाची विष्ठा तीन राज्यांत सापडू शकते. तो एकच वाघ की तीन, हे डीएनएवरून ठरवता येते.

उपकरणांपैकी सर्वांत चर्चा झाली ती सूक्ष्मरंध्र तंत्राची. पटलातील प्रथिनाच्या छिद्रातून डीएनएची एकेरी साखळी सरकते, तेव्हा विद्युतप्रवाहात होणाऱ्या बदलांवरून तिच्यातील अक्षरक्रम (डीएनएच्या चार रासायनिक घटकांचा क्रम) वाचतात. या कल्पनेचे श्रेय सहसा अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांच्या १९८९ मधील टिपणवहीला दिले जाते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च यांनाही साधारण त्याच सुमारास ती सुचली होती, असे सांगतात. दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रयोगाने ती प्रथम दाखवली गेली १९९६ च्या निबंधात; त्याच्या लेखकांत डीमर व डॅनियल ब्रँटन होते. या तत्त्वावरील, संगणकाला जोडायचे सुमारे १०० ग्रॅम वजनाचे मिनआयन यंत्र २०१४ पासून संशोधकांच्या हाती आले. जात ओळखण्यासाठी बहुधा सुमारे ६५० अक्षरांचा एक जनुकखंड वाचून ज्ञात जातींच्या संदर्भसंग्रहाशी ताडतात; ही पद्धत जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. संग्रहात ती जातच नसेल, तर यंत्र कितीही चांगले असले तरी नाव मिळत नाही.

नमुना घेताना विष्ठा फोडत नाहीत. बाहेरचा चकचकीत थर काडीने खरवडून अल्कोहोलात ठेवतात, कारण आतड्याच्या पेशी तेथेच चिकटलेल्या असतात. कणकुंबीच्या पावसात हा थर धुऊन जातो व ओलाव्याने डीएनए तुटतो, म्हणून कोरड्या महिन्यांतील ताजे नमुने उत्तम.

भीमगड अभयारण्यातील (घोषित २०११, क्षेत्र सुमारे १९० चौ. किमी.) बारापेडे गुहांतील रॉटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदले गेले. ते फक्त येथेच आढळते, असा दीर्घकाळ समज होता. पुढे मेघालय व कंबोडियातही नोंदी झाल्या. या दूरदूरच्या वसाहती एकमेकींशी किती निकट आहेत, हे जनुकक्रमांची तुलना करून तपासता येते. त्यासाठी वटवाघूळ मारावे लागत नाही. पंखाच्या पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो, आणि ते छिद्र काही आठवड्यांत भरून येते.