क्रिएटिनिन नॉर्मल आहे, पण नलिकांचं काय?

'किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आला' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ, पाहिलेलं असतं. कॅडमियम या विषारी धातूच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेत राहू शकतं. शिवाय कॅडमियम आधी बिघडवतं ते गाळणीला नाही, तिच्या पुढच्या नलिकांना.

मूत्रपिंडाची पद्धत दिवाळीच्या साफसफाईसारखी आहे: आधी सगळं सामान अंगणात काढायचं, मग लागेल तेवढं आत घ्यायचं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी, ग्लुकोज, फॉस्फेट, लहान प्रथिनं असं सगळं नलिका परत घेतात. कॅडमियमचं फावतं ते इथेच. मेटॅलोथायोनिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाला चिकटून ते गाळणीतून निसटतं आणि नलिकेच्या पेशी ते प्रथिन समजून आत ओढतात. प्रथिन पचतं, धातू मागे राहतो. साठलेल्यातला निम्मा बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात.

याचं टोक जपानने पाहिलं. तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीत वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम उतरत होतं आणि त्याच पाण्यावर भातशेती होत होती. आजारी पडल्या त्या मुख्यतः उतारवयाच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका. नलिका निकामी झाल्याने फॉस्फेट लघवीवाटे जात राहिलं, हाडं मऊ पडली. खोकल्याच्या उबळीनेही मोडू लागली. जपानी भाषेत 'दुखतंय, दुखतंय' म्हणजे 'इताई-इताई', तेच आजाराचं नाव झालं. 1968 मध्ये सरकारने तो प्रदूषणजन्य आजार असल्याचं मान्य केलं.

हाडांपर्यंत गोष्ट जाण्याच्या कितीतरी आधी लघवी बोलू लागते. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे लहानसं प्रथिन निरोगी माणसाच्या लघवीत नावापुरतंच असतं, कारण नलिका ते जवळजवळ सगळं परत घेतात. नलिका थकल्या की ते वाहून जातं. पण लघवीत बुडवायची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते; या प्रथिनापुढे ती कोरीच राहू शकते. त्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते. अमेरिकेत कॅडमियमशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी या प्रथिनाची 300 मायक्रोग्रॅम ही लक्ष्मणरेषा आहे, तीही लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे. पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली तरी आकडा फसू नये म्हणून हा हिशोब.

या प्रथिनाची एक खोड आहे. लघवी आम्लधर्मी असेल तर ते मूत्राशयातच विघटित होतं, आणि नमुना नीट नेऊनही रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणून लघवीचा पीएच, म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे ते, पाहतात, किंवा अल्फा-1 मायक्रोग्लोब्युलिनसारखं चिवट प्रथिन मोजतात. उलट काही रक्तकर्करोगांतही बीटा-2 वाढतं. त्यामुळे लघवीतलं कॅडमियम सोबत मोजलेलं बरं: त्यावरून शरीरात किती साठा झाला ते कळतं, प्रथिनावरून नलिकांची हालत.

ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करून घ्यावी असं मला वाटत नाही. निकेल-कॅडमियम बॅटऱ्या, मुलामा, जस्त गाळणं अशा कामांत वर्षं घालवलेल्यांनी मात्र डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. बहुतेकदा तो कुणी विचारतच नाही. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम शोषतं, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या अंगात ते जास्त असतं. लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम अधिक उचलतं. आपल्याकडच्या बायकांमधलं ॲनिमियाचं प्रमाण पाहता हे क्षुल्लक नाही.

मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम खात्रीने काढणारं औषध नाही. संपर्क तोडणं हाच उपाय, आणि तो नलिका पुरत्या जायच्या आत केला तरच त्याचा खरा उपयोग.

जिन्झूच्या काठी असे कितीतरी लोक होते, ज्यांच्या फक्त नलिका बिघडल्या होत्या, हाडं शाबूत होती. लघवीतला दोष दिसत होता, पण इताई-इताईच्या सरकारी व्याख्येत ते बसत नव्हते. अखेर 2013 मध्ये खाण कंपनीने पीडितांच्या संघटनांशी करार केला आणि अशा प्रत्येकाला 6 लाख येन द्यायचं कबूल केलं. तोवर त्यांच्यातले बरेच जण हयात नव्हते.