शिकारीची हाताने भरलेली काडतुसे आणि तापमान : पार्श्वभूमी

काळ्या दारूच्या (बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या स्फोटक भुकटीच्या) काळात शिकाऱ्याला धास्ती होती ती ओलाव्याची. उष्णतेचा प्रश्न ऐरणीवर आला तो धूरविरहित दारूमुळे. फ्रान्समध्ये १८८४ साली नायट्रोसेल्युलोजची दारू सिद्ध झाली आणि १८८९ साली ब्रिटनमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असलेले कॉर्डाइट आले. अशी दारू आधीच तापलेली असेल, तर ती अधिक वेगाने जळते, चेंबरमधला (बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीतला) दाब चढतो आणि गोळीचा वेगही वाढतो. आफ्रिका आणि भारतीय उपखंडातील उन्हाळ्यात दाब इतका वाढे, की रिकामी केस (काडतुसाचे धातूचे नळकांडे) चेंबरमध्ये चिकटून बसण्याचा धोका असे आणि मोठ्या जनावरासमोर हे जिवावर बेतणारे होते. म्हणून काडतूस उत्पादकांनी उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे काढली. मोठ्या केसमध्ये दाब मुद्दाम कमी ठेवण्याची रीतही त्याच काळात रुळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काडतुसे घरी भरणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा हवामानाचा हिशेब उत्पादकाकडून भरणाऱ्याकडे आला. आजवरचा खरा वाद आहे तो इथेच. अमेरिका व युरोपातील मानक संस्था दाब साधारण २१ अंश सेल्सिअसला मोजतात आणि काडतूस भरण्याच्या तक्त्यांतील कमाल मात्राही (दारूचे जास्तीत जास्त वजन) त्याच सुमाराच्या तापमानाला धरून ठरते. चाचणीची तुलना व्हायची तर एक तापमान ठरवणे भागच होते. पण कमाल मात्रा ही सर्व ऋतूंची मर्यादा आहे, असा समज त्यातून पसरला. १० अंशांच्या थंडीत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) सहज उघडतो म्हणून कमाल मात्रेपर्यंत चढवलेले काडतूस ४० अंशांत झाडले, की बोल्टचा दांडा उचलताना जोर लागतो, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटतो आणि प्रायमर (दारू पेटवणारी केसच्या बुडातली टोपी) सपाट होतो; ही दाब जास्त झाल्याची लक्षणे. थंडीतली चाचणी उन्हाळ्याची हमी देत नाही. निशाण्यावर होणारा परिणाम त्या मानाने किरकोळ असतो : सामान्य दारूत वेग दर अंशाला सुमारे अर्धा मीटर प्रति सेकंद बदलतो, म्हणजे ३० अंशांच्या फरकाने सुमारे १५ मीटर प्रति सेकंद, आणि ३०० मीटरवर गोळी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर वर लागते. तरीही चर्चा अधिक होते ती निशाण्याची, दाबाची नव्हे. हे आमच्या मते उलटे आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या, तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या दाणेदार दारू बाजारात आल्या. वेगातला फरक त्यांनी पुष्कळ कमी केला, हे निर्विवाद आहे. मात्र त्यांचे स्थैर्य काडतूस, गोळीचे वजन आणि प्रायमर यांवर अवलंबून असते; एका काडतुसात जवळजवळ स्थिर राहणारी दारू दुसऱ्यात तशी वागेलच असे नाही. डब्यावरील शब्दावर विसंबून मात्रा वर नेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

कडाक्याच्या थंडीत याच्या उलट घडते : दाब व वेग घटतात, आणि गोलाकार दाण्यांची काही दारू नीट पेटत नाही. तिला जोरकस प्रायमर लागतो, आणि तोच उन्हाळ्यात दाबात भर घालतो. शिवाय दारूचे तापमान म्हणजे हवेचे तापमान नव्हे. गाडीच्या काचेमागे ठेवलेली पेटी, किंवा सलग बार काढल्यावर तापलेल्या चेंबरमध्ये राहून गेलेले काडतूस, बाहेर गारवा असतानाही भर उन्हाळ्यासारखे वागू शकते.