भौतिक धोका आणि प्रतीकात्मक धोका: स्थलांतरितांविषयीच्या नाराजीची दोन निराळी मुळे

‘बाहेरून आलेल्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या’ आणि ‘बाहेरून आलेले आमच्यासारखे राहत नाहीत’ ही दोन वाक्ये बहुतेकदा एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात येतात, आणि ऐकणाऱ्यालाही ती एकाच तक्रारीची दोन रूपे वाटतात. समाजमानसशास्त्राने मात्र गेली कित्येक दशके त्यांची मोजणी वेगवेगळी केली आहे. पहिल्या तक्रारीमागे असतो तो भौतिक धोका आणि दुसरीमागे असतो तो प्रतीकात्मक धोका. या दोहोंची गल्लत झाली की बहुसंख्य समाजाच्या मनात नेमके काय खुपते आहे याचे निदान चुकते, आणि ज्याला भाषेची चिंता आहे त्याच्यापुढे रोजगाराचे आकडे मांडले जातात.

भौतिक धोक्याची कल्पना जुनी आहे. मुझफर शेरीफ यांनी 1954 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात 22 मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले, त्यांचे दोन गट पाडले आणि बक्षिसांसाठी त्यांच्यात स्पर्धा लावल्या. एकाला मिळाले की दुसऱ्याचे जाते अशी स्थिती निर्माण होताच गटांत उघड वैर उभे राहिले. प्रतीकात्मक बाजूकडे लक्ष वेधणारा महत्त्वाचा अभ्यास डोनाल्ड किंडर आणि डेव्हिड सिअर्स यांनी 1981 साली प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसच्या महापौरपदासाठी 1969 आणि 1973 मध्ये सॅम यॉर्टी हे गोरे आणि टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय उमेदवार आमनेसामने होते. गोऱ्या मतदारांचे मत ठरवण्यात त्यांच्या स्वतःच्या नोकरीला, वस्तीला किंवा मुलांच्या शाळेला वाटणाऱ्या धोक्याचा वाटा अगदी थोडा आढळला, तर ‘हे लोक आपली मूल्ये पाळत नाहीत’ या भावनेचा वाटा ठळक होता. पुढे वॉल्टर स्टीफन आणि कुकी स्टीफन यांनी 2000 साली मांडलेल्या सिद्धांतात हे दोन्ही धोके एकत्र आले आणि स्थलांतरितांविषयीच्या संशोधनाला नेमकी परिभाषा मिळाली.

या परिभाषेत भौतिक धोका म्हणजे केवळ पैसा नव्हे. नोकरी, मजुरी, घर, इस्पितळातील खाट आणि शाळेतील जागा यांच्याबरोबर शारीरिक सुरक्षितता आणि राजकीय सत्ताही त्यात येते. प्रतीकात्मक धोक्यात भाषा, धर्म, कुटुंबाच्या रीती आणि सार्वजनिक ठिकाणी कसे वागावे याचे संकेत येतात. इथे एक गैरसमज वारंवार होतो, तो असा की भौतिक धोका खरा आणि प्रतीकात्मक धोका मनाचा खेळ. प्रत्यक्षात दोन्ही धोके मोजले जातात ते लोकांना काय वाटते यावरूनच. युरोप-अमेरिकेतील सर्वेक्षणांत लोक आपल्या देशातील स्थलांतरितांचे प्रमाण वास्तवापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात. म्हणजे नोकऱ्यांच्या भीतीचा पायाही कित्येकदा कल्पित संख्येवर उभा असतो. उलट, आपल्या गल्लीत आपली भाषा कमी ऐकू येऊ लागली हे एखाद्या वृद्ध रहिवाशाचे निरीक्षण अगदी अचूक असू शकते. धोका खरा आहे की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो दोन्ही बाबतींत वेगळा तपासावा लागतो.

मग यांतला प्रभावी कोणता? नुसते विचारून हे कळत नाही, कारण माणूस दोन्हींना होकार देतो. म्हणून पॉल स्नायडरमन, लाउक हाखेंडोर्न आणि मार्कुस प्रायर यांनी नेदरलँड्समध्ये सर्वेक्षणातच प्रयोग गुंफला आणि तो 2004 साली प्रसिद्ध केला. देशात स्थलांतरितांचा एक नवा गट येणार आहे, असे उत्तरदात्यांना सांगण्यात आले. काहींना सांगितले की हे लोक चांगले शिकलेले आहेत, तर काहींना सांगितले की त्यांचे शिक्षण बेताचे आहे. काहींना सांगितले की ते डच अस्खलित बोलतात आणि इथल्या संस्कृतीत सहज मिसळतील, तर काहींना याच्या नेमके उलट. कोणाला कोणते वर्णन मिळेल हे यदृच्छेने ठरत असल्याने विरोधातील फरक त्या वर्णनामुळेच पडला असे म्हणता येते. शिक्षणाच्या, म्हणजे आर्थिक बाजूच्या, वर्णनानेही विरोध कमीजास्त झाला, पण संस्कृतीत न मिसळण्याच्या उल्लेखाने तो अधिक वाढला. मला यातली अधिक गंभीर बाब दुसरीच वाटते. उत्तरदात्यांना आधी ‘तुम्ही डच राष्ट्राचे आहात’ याची नुसती आठवण करून दिली, तरी स्थलांतराला विरोध वाढला, आणि हा परिणाम ज्यांना एरवी या विषयाची फारशी फिकीर नव्हती त्यांच्यापर्यंतही पोहोचला. प्रतीकात्मक धोका जागा करायला नवे काही घडावे लागत नाही. एखादे वाक्य पुरते.

भौतिक धोक्याची दुसरी परीक्षा जेन्स हाइनम्युलर आणि मायकेल हिस्कॉक्स यांनी अमेरिकेत घेतली. नोकरीची स्पर्धा हेच कारण असते तर उच्चशिक्षितांनी उच्चशिक्षित स्थलांतरितांना आणि अल्पशिक्षितांनी अल्पशिक्षितांना विरोध करायला हवा होता. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात दोन्ही थरांतील अमेरिकनांनी उच्चकुशल स्थलांतरितांनाच पसंती दिली. माणूस ‘नोकऱ्या जातील’ असे म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा स्वतःच्या नोकरीविषयी बोलत नसतो, तर देशाचे, आपल्या समाजाचे काय होईल याविषयी बोलत असतो, आणि तिथे आर्थिक काळजी व आपलेपणाची काळजी यांच्यातली सीमारेषा पुसट होते.

बोस्टनच्या उपनगरांत रायन एनोस यांनी केलेला प्रयोग या संदर्भात मला फार बोलका वाटतो. जिथे जवळपास सगळे प्रवासी गोरे असतात अशा रेल्वे स्थानकांवर, रोज ठरलेल्या गाडीच्या वेळी, स्पॅनिश बोलणारी तरुणांची जोडी फलाटावर येऊन उभी राहायची आणि इतरांसारखीच गाडीत चढायची. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, कोणाची जागा अडवली नाही. तरीही काही दिवसांतच त्या गाडीच्या नेहमीच्या प्रवाशांची स्थलांतराविषयीची मते अधिक कडक झाली. कोणाचा पगार घटला नव्हता, कोणाचे घर महागले नव्हते. बदलले होते ते फक्त फलाटावर दिसणारे आणि ऐकू येणारे. मात्र ज्यांची मते दहा दिवसांनी नोंदवली त्यांच्यात हा कडकपणा तीन दिवसांनी विचारलेल्यांपेक्षा कमी होता, आणि या प्रयोगाची चर्चा करताना हा भाग अनेकदा गाळला जातो, याचे मला वाईट वाटते.

दोन धोक्यांची सर्वाधिक सरमिसळ होते ती सरकारी मदतीच्या विषयात. ‘ते आमच्या करांवर जगतात’ ही तक्रार ऐकायला निव्वळ भौतिक आहे, पण तिच्यात ‘ते कष्ट करत नाहीत’ हा मूल्यनिवाडाही दडलेला असतो. म्हणूनच स्थलांतरित नोकऱ्या पळवतात आणि स्थलांतरित आळशी आहेत या परस्परविरोधी तक्रारी एकाच मनात गुण्यागोविंदाने नांदू शकतात. अशा विधानाला कोणत्या रकान्यात घालायचे यावर संशोधकांतही मतभेद होतात आणि प्रश्नावलीतील एका शब्दाने निष्कर्ष बदलू शकतो.

याचा अर्थ भौतिक धोका नाममात्र असतो असे मुळीच नाही. नील मल्होत्रा, योतम मार्गालीत आणि सेसिलिया मो यांनी 2013 साली दाखवले की तो सर्वत्र पसरलेला नसतो, पण जिथे स्पर्धा खरोखर अंगावर येते तिथे तीव्र असतो. त्यांनी अमेरिकेतील तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना दिले जाणारे ‘एच-1बी’ व्हिसा वाढवण्याला इतर अमेरिकनांपेक्षा त्यांचा विरोध अधिक आढळला. पुण्या-मुंबईतून याच व्हिसावर तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्यांना हा फरक समजून घेणे उपयोगाचे आहे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची अढी आणि गावातल्या अनोळखी माणसाची अढी यांचे मूळ एकच असेल असे गृहीत धरता येत नाही; पहिल्याला स्वतःच्या पगाराची काळजी असू शकते, दुसऱ्याला या अभियंत्यांच्या घरातून ऐकू येणाऱ्या भाषेची.

आणि आपल्याकडे? मुंबईत 1966 साली शिवसेना स्थापन झाली तेव्हापासून भूमिपुत्र आणि परप्रांतीय या वादात नोकऱ्या आणि भाषा हातात हात घालून आल्या आहेत. निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी मुंबईत घरोघरी जाऊन असाच सर्वेक्षण-प्रयोग केला आणि तो 2017 साली प्रसिद्ध झाला. इथले स्थलांतरित परदेशी नव्हेत, भारताचेच नागरिक आहेत, त्यामुळे युरोपशी थेट तुलना करताना जपून राहिले पाहिजे. पण निष्कर्ष लक्षणीय आहे. मुंबईत मते ठरवण्यात भौतिक हितसंबंध केंद्रस्थानी दिसले आणि बहुसंख्य हिंदू उत्तरदात्यांनी येणाऱ्याच्या धर्माकडे फारसे लक्षच दिले नाही. मुस्लिम उत्तरदात्यांच्या बाबतीत मात्र आर्थिक धोका आणि येणाऱ्याचा धर्म या दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देत होत्या. सतत भेदभाव सोसणाऱ्या समाजाला आपल्याच धर्माचे लोक शहरात येणे म्हणजे संख्येचा आधार वाटतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आहे. म्हणजे लोकसंख्येतील जी वाढ बहुसंख्याकांच्या प्रश्नावलीत सत्तेला असलेला भौतिक धोका म्हणून नोंदली जाऊ शकते, तीच अल्पसंख्याकांच्या हिशेबात भौतिक संरक्षण ठरते, आणि धर्माची ओळख तिथे प्रतीक म्हणून कमी आणि मतदारयादीतले बळ म्हणून अधिक मोजली जाते.