टॅलाडेगा : एकाच नावाचं कॉलेज, ट्रॅक आणि मधलं अंतर

अमेरिकेत कॉलेजचा मार्चिंग बँड वाढला तो फुटबॉलच्या जोरावर. सामन्याच्या मध्यंतरात बँड मैदानात उतरतो, चालता चालता आकृत्या रचतो, आणि प्रेक्षकांतले निम्मे तरी त्याच्यासाठीच आलेले असतात. अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगा कॉलेजने २०१२ मध्ये बँड उभा केला तेव्हा त्यांच्याकडे फुटबॉलचा संघच नव्हता. त्यामुळे या बँडला वाजवायला जागा शोधत हिंडावं लागलं. गावोगावच्या मिरवणुका झाल्या, मार्डी ग्रा हा दक्षिणेतला मिरवणुकांचा उत्सव झाला, राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनंतरची परेड झाली. आणि काही मैलांवरचा टॅलाडेगा सुपरस्पीडवेही झाला. तिथे स्टॉक कार शर्यतीआधीच्या समारंभात या बँडने वादन केलं आहे.

कॉलेज आणि ट्रॅक एकाच काउंटीतले, नावही एकच. बाहेरच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. गावचा बँड गावच्या शर्यतीत वाजणार नाही तर कुठे? पण टॅलाडेगाच्या बाबतीत या थोड्याशा अंतरात शंभरेक वर्षांचा इतिहास आडवा पडलेला आहे.

कॉलेजपासून सुरुवात करू. यादवी युद्ध संपलं आणि विल्यम सेव्हरी व थॉमस टॅरंट या दोन माणसांनी, जे काल-परवापर्यंत गुलाम होते, आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८६७ मध्ये शाळेला गावातली एक मोठी इमारत मिळाली. ती युद्धापूर्वी गोऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी गुलामांच्या श्रमातून उभी राहिली होती, आणि बांधणाऱ्या हातांत सुतारकाम करणारा सेव्हरीही होता. आज तिला स्वेन हॉल म्हणतात. अलाबामातल्या खासगी कृष्णवर्णीय कॉलेजांमध्ये हे सर्वांत जुनं. इथल्या ग्रंथालयासाठी हेल वुडरफ या चित्रकाराने ‘आमिस्ताद’ जहाजावरच्या गुलामांच्या बंडाची भित्तिचित्रं रंगवली, ती १९३९ मध्ये लोकांसमोर आली. १९६२ मध्ये याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या वंशभेदाविरुद्ध निदर्शनं केली. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९६१ मध्ये, शेजारच्या अ‍ॅनिस्टन शहराबाहेर फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसप्रवासातला वंशभेद मोडायला निघालेल्या कार्यकर्त्यांची, बस जमावाने पेटवून दिली होती.

अ‍ॅनिस्टनचं नाव स्टॉक कारच्या इतिहासातही येतं. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी साधी गाडी. तिच्या इंजिनाला आणि चाकांना हवी तेवढी ताकद द्यायची, दिसायला मात्र ती शेजाऱ्याच्या गाडीसारखीच राहायची. हे कसब दक्षिणेतल्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणाऱ्यांनी पोलिसांना गुंगारा देता देता कमावलं. बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात मंडळी जमवली आणि त्यातून नॅसकार ही संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये अस्सल स्टॉक कारची पहिली मालिका झाली. ती जिंकणारा रेड बायरन वाढला अ‍ॅनिस्टनमध्ये. महायुद्धात बॉम्बर विमानावर असताना त्याचा पाय जायबंदी झाला होता, तरी पायाला आधार बांधून तो गाडी चालवायचा.

याच परिसरात, हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीच्या जमिनीवर, फ्रान्स यांनी जगातला सर्वांत वेगवान ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅक बांधायचं ठरवलं. १९६९ मध्ये तो खुला झाला. एक फेरी २.६६ मैलांची, म्हणजे जवळपास ४.२८ किलोमीटरची, आणि वळणांवरचा उतार ३३ अंशांचा. पहिल्याच शर्यतीला रिचर्ड पेटीसकट बहुतेक बडे चालक बहिष्कार घालून निघून गेले. त्या वेगाला टायर टिकत नव्हते, फाटत होते. फ्रान्स यांनी शर्यत रद्द केली नाही. उरलेल्यांना घेऊन ती पार पाडली, आणि रिचर्ड ब्रिकहाउस हा फारसा कुणाला माहीत नसलेला चालक जिंकला.

ट्रॅकचं तेव्हाचं अधिकृत नाव होतं अलाबामा इंटरनॅशनल मोटर स्पीडवे. ‘टॅलाडेगा’ त्याच्या पाटीवर आलं १९८९ मध्ये. कॉलेजकडे ते नाव त्याआधी सव्वाशे वर्षांच्या आसपास होतं. आज जगात टॅलाडेगा म्हटलं की लोकांना गाड्याच आठवतात, हा भाग वेगळा.

ट्रॅकच्या पाठीराख्यांमध्ये एक नाव जॉर्ज वॉलेस यांचं होतं. हेच ते अलाबामाचे गव्हर्नर, ज्यांनी १९६३ च्या शपथविधीत वंशभेद कायम राहील अशी गर्जना केली आणि त्याच वर्षी अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखायला स्वतः दारात उभे राहिले. फ्रान्स आणि वॉलेस यांची मैत्री उघड होती. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी वॉलेस उतरले तेव्हा फ्लोरिडात फ्रान्स त्यांच्या प्रचारात पुढे होते. ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या मैदानात तंबू ठोकून राहणाऱ्या प्रेक्षकांच्या गाड्यांवर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर सैन्याचा झेंडा फडकणं तर अनेक दशकं नेहमीचं होतं. काही मैलांवरच्या कॉलेजातल्या मुलाने अशा जागी ट्रम्पेट घेऊन का जावं? तिकडून कुणी बोलावलं असतं का, हाही प्रश्न आहेच.

कृष्णवर्णीय चालक अगदीच नव्हते असं नाही. वेंडेल स्कॉट होता. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा माणूस स्वतःच गाडीचा मेकॅनिक, स्वतःच चालक, आणि सुटे भाग बहुतेक जुनेच वापरायचा. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलमध्ये तो जिंकला, पण विजयाचा झेंडा दाखवला गेला बक बेकरला. फेऱ्या मोजण्यात चूक झाली असं सांगत काही तासांनी निकाल दुरुस्त झाला. तोवर प्रेक्षक घरी गेले होते, आणि बेकरबरोबर करंडकही. स्कॉटची कारकीर्द जवळजवळ संपवणारा अपघात १९७३ मध्ये झाला, तो टॅलाडेगाच्याच ट्रॅकवर, वीसेक गाड्या एकमेकांवर आदळल्या त्या शर्यतीत. १९९० मध्ये तो वारला. नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २०१५ मध्ये, आणि त्या विजयाचा करंडक कुटुंबाच्या हाती पडला २०२१ मध्ये.

आता बँडची बाजू. मोटार शर्यतीत कॉलेजचा बँड ही कल्पना मुळात उत्तरेची. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १९१९ पासून वाजतो आहे. पर्ड्यूत बँड आला तो लष्करी कवायतीच्या गरजेतून, आणि ही शर्यत होते शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, त्यामुळे तिथे बँडची वर्णी सहज लागली. स्टॉक कारचा मांडव वेगळा. त्याचा प्रेक्षक कापड गिरण्या आणि शेतांमधला, विद्यापीठांशी त्याचा फारसा संबंध नाही. शर्यतीआधी प्रार्थना, राष्ट्रगीत, डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं, आणि स्टेजवर कंट्री गाणारा एखादा गायक, एवढ्यात त्याचं भागायचं.

कृष्णवर्णीय कॉलेजांच्या बँडची वाट आणखी तिसरीकडून येते. तिथेही सुरुवात लष्करी बँडनेच झाली, पण त्यात चर्च, मिरवणुका आणि पुढे जॅझ मिसळत गेलं. डब्ल्यू. सी. हँडी, ज्यांना ब्लूजचे जनक म्हणतात, ते मूळचे अलाबामाचे, आणि १९०० ते १९०२ या काळात त्यांनी याच राज्यातल्या आजच्या अलाबामा ए अँड एम विद्यापीठात संगीत शिकवलं. आज जी शैली आपण पाहतो तिला आकार दिला विल्यम फॉस्टर यांनी. १९४६ मध्ये फ्लोरिडा ए अँड एमचा बँड त्यांनी हाती घेतला. गुडघे कमरेपर्यंत उचलून चालणं, मध्येच अंगावर काटा येईल इतकी संथ चाल, मग एकदम झपाटा, रेडिओवर गाजत असलेली गाणी आणि चालता चालता नाच, हे सगळं त्यांनी शिस्तीत बसवलं. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, लुइझियानाच्या ग्रॅम्ब्लिंग कॉलेजचा बँड होता. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या वतीने चालला तो फॉस्टर यांचाच बँड. दक्षिणेतल्या अनेक शाळकरी मुलांसाठी अशा बँडमध्ये निवड होणं म्हणजे कॉलेजची फी भरण्याचा मार्गही असतो.

टॅलाडेगा कॉलेजने नेमकं हेच हेरलं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॉलेज आर्थिकदृष्ट्या पार खचलं होतं, विद्यार्थी गळत होते. २००८ मध्ये बिली हॉकिन्स अध्यक्ष झाले आणि त्यांनी खेळांचे संघ पुन्हा सुरू केले. मग बँड आला. फुटबॉल संघ उभा करणं महागाचं काम, बँड तुलनेने स्वस्त, आणि एका फटक्यात दोनेकशे विद्यार्थी पटावर. २०१७ मध्ये कॉलेजात साधारण ८०० विद्यार्थी होते आणि बँडमध्ये दोनशेहून जास्त. म्हणजे वर्गातला दर चौथा मुलगा किंवा मुलगी बँडमधली. माझ्या मते ही योजना फुटबॉल असलेल्या कॉलेजांपेक्षा धाडसी होती. संघ हरला तरी बँड वाजतो, पण संघच नसेल तर बँडला आपलं कारण स्वतः शोधावं लागतं.

ते कारण शोधताना एकदा चांगलाच चटका बसला. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीच्या परेडचं निमंत्रण आलं आणि कॉलेजने ते स्वीकारलं. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक भडकले. गुलामांनी काढलेल्या कॉलेजच्या मुलांनी या माणसासाठी चालायचं? हॉकिन्स यांचं म्हणणं असं, की हा राजकारणाचा नव्हे, देशाच्या सोहळ्याचा भाग आहे आणि मुलांना तो अनुभव मिळायला हवा. प्रवासखर्चासाठी ७५ हजार डॉलरचं उद्दिष्ट ठेवून ऑनलाइन मदत मागितली होती, टीव्हीवर वाद पेटला आणि सहा लाखांहून जास्त डॉलर जमले. देणाऱ्यांत संगीताची आवड किती आणि राजकारणाची किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या वादाच्या तुलनेत ट्रॅकवरचं वादन शांतपणे पार पडलं. पण मला तेच जास्त अवघड वाटतं. वॉशिंग्टनची परेड एका दिवसाची, स्पीडवे मात्र शेजारी आहे आणि राहणार.

नॅसकारलाही एव्हाना प्रेक्षक बदलायचे होते. रिकाम्या होत जाणाऱ्या स्टँडचा हिशेब त्यांच्यासमोर होता. १० जून २०२० रोजी त्यांनी बंडखोर झेंड्यावर बंदी घातली. त्यानंतर काही दिवसांतच टॅलाडेगात शर्यत होती. ट्रॅकवरून एक विमान तो झेंडा ओढत फिरलं, आणि बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय चालकाच्या गॅरेजमध्ये फासासारखी गाठ मारलेली, कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याची आठवण करून देणारी दोरी सापडली. दुसऱ्या दिवशी सगळ्या चालकांनी मिळून त्याची गाडी ढकलत पुढे आणली. एफबीआयने तपास करून सांगितलं, की दार ओढायची ती दोरी आदल्या ऑक्टोबरपासून तिथेच होती, कुणी त्याच्यासाठी बांधली नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावसाने आखूड झालेल्या शर्यतीत वॉलेस याच ट्रॅकवर जिंकला. स्कॉटनंतर तब्बल ५८ वर्षांनी. वॉलेसचा जन्म अलाबामातल्या मोबीलचा, आणि गव्हर्नर वॉलेस यांच्याशी त्याचं साम्य फक्त आडनावापुरतं.

बँडच्या दृष्टीने ट्रॅक ही तशी गैरसोयीची जागा. फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, प्रेक्षक दोन्ही बाजूंना उंचावर, म्हणून तिथे पायांनी काढलेली आकृती दिसते. इथे मुख्य स्टँड एका बाजूला लांबच लांब पसरलेलं, समोरचा सरळ पट्टाच किलोमीटरभराहून मोठा. आकृत्या वाया जातात. उरतो तो आवाज, आणि लांबूनही कळणारी गुडघ्यांची उंच चाल, म्हणजे नेमकी कृष्णवर्णीय कॉलेजांच्या बँडची ताकद. पितळी वाद्यांनी आणि ढोलांनी जे काही करायचं ते इंजिनं सुरू व्हायच्या आधी. एकदा चाळीस गाड्या गुरगुरल्या की सूसाफोन या अंगाभोवती गुंडाळलेल्या भल्यामोठ्या पितळी वाद्याचंही काही चालत नाही.

शिवाय वेळापत्रक जुळतं. इंडियानापोलिसची शर्यत मेच्या अखेरीस होते, तेव्हा पर्ड्यूचं सत्र संपलेलं असतं आणि बँडच्या मुलांना सुट्टीतून परत यावं लागतं. टॅलाडेगाच्या दोन मुख्य शर्यती एरवी वसंतात आणि ऑक्टोबरमध्ये येतात. ऑक्टोबरमध्ये तर कॉलेज भरात असतं, मुलं वसतिगृहात असतात आणि बस काढली की झालं.