अक्षरांची बेरीज: अंदाजपंचे नव्हे

‘अक्षरांच्या जागी अंक शोधायचे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे,’ हा समज जुनाच. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांचं १९२४ सालचं कोडं घ्या: SEND + MORE = MONEY (सेंड + मोअर = मनी); प्रत्येक अक्षर म्हणजे एक वेगळा अंक. अक्षरं आठ, अंक वाटायचे प्रकार १८,१४,४००! तरी ते एकही अंदाज न बांधता सुटतं.

दोन चार-अंकी संख्यांची बेरीज २०,०००च्या आतच, म्हणून एम १. मग हजारात एस अधिक १ मधून हातचा यायलाच हवा, म्हणून ओ शून्य, एस ९. शतकाच्या घरात ई अधिक शून्य बरोबर एन. म्हणजे दशकातून हातचा आलाच, एन ईपेक्षा एकाने मोठा. दशकात आर ८ (घाईत ९ वाटतो, पण तो एसने आधीच घेतलाय). मग एककातूनही हातचा हवा आणि वायला २ तरी हवा (० आणि १ संपले), म्हणून डी आणि ई मिळून किमान १२. उरलेल्या २ ते ७मध्ये डी ७, ई ५ एवढंच बसतं (ई ६ किंवा ७ धरला, तर एनला ७ किंवा ८ लागतो आणि तो डी किंवा आरने घेतलेला असतो).

९५६७ + १०८५ = १०६५२.