कबुतरांच्या नावाने राखलेल्या जागा : पार्श्वभूमी

दादरचा कबुतरखाना गोमंतकीयांना मुख्यतः पत्ता सांगण्याची खूण म्हणून ठाऊक आहे. 2025 च्या पावसाळ्यात तो बंद करण्यावरून वाद झाला, तेव्हा सज्जांना जाळ्या लावून बसलेल्या पणजी-मडगावच्या रहिवाशांचेही लक्ष तिकडे वेधले जाणे स्वाभाविक होते. त्या वादात अनेक गोष्टींची सरमिसळ झाली असल्यामुळे अशा जागांचा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

माणसाने कबुतर माणसाळवून हजारो वर्षे झाली, तरी त्याची स्मारके बरीच अलीकडची आहेत. पहिल्या महायुद्धात निरोप पोहोचवणाऱ्या कबुतरांसाठी ब्रुसेल्समध्ये 1931 साली आणि फ्रान्समधील लील शहरात 1936 साली स्मारके उभी राहिली. अमेरिकेतील प्रवासी कबुतराची शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि ती जातच संपली. 1947 मध्ये विस्कॉन्सिनमधील एका उंच कड्यावर त्या जातीचा स्मृतिफलक बसवण्यात आला. माणसाचा लोभ आणि बेफिकिरी यांमुळे ही जात नष्ट झाली, असे त्यावर स्पष्ट कोरलेले आहे. सरकारी फलकांवर सहसा न आढळणारा हा सडेतोडपणा तिथे दिसतो, कारण तो फलक पक्षिप्रेमींनी लावलेला आहे.

आपल्याकडे ओडिशाच्या पोलीस दलाने 1946 मध्ये लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांच्या साहाय्याने कोरापुटला संदेशसेवा सुरू केली. दूरध्वनी आणि बिनतारी यंत्रणा सर्वत्र पोहोचल्यावर, 2008 मध्ये, ती बंद झाली. मात्र थोडी कबुतरे समारंभांपुरती राखण्यात आली. म्हणजे येथे काम संपले आणि पक्षी राहिले.

दादरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. तेथील वास्तू 1930 च्या दशकात कारंजे म्हणून बांधली गेली, कबुतरांना दाणे टाकण्याची प्रथा तिच्याभोवती रुजली आणि पुढे वास्तूला वारसा दर्जा मिळाला. हा दर्जा कठडा आणि कारंजे यांना आहे, दाणे टाकण्याच्या प्रथेला नाही. परंतु वादात वारसा या एका शब्दाखाली दोन्ही गोष्टी मांडल्या गेल्या. जुलै 2025 मध्ये शहरातील कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधिमंडळात झाली आणि ऑगस्टच्या आरंभी महापालिकेने दादरच्या वास्तूवर ताडपत्री घातली. काही दिवसांतच, 6 ऑगस्टला, जमावाने ती फाडली. न्यायालयाने कबुतरखाना बंद केला, असा समज तेव्हा सर्वत्र पसरला. वास्तविक कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय प्रशासनाचा होता. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देण्यास नकार दिला, बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले आणि आरोग्याच्या प्रश्नासाठी तज्ज्ञांच्या समितीकडे बोट दाखवले. हा भेद बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्यावरून ठरते.

कबुतरांच्या विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिने दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काहींना फुप्फुसांचा अतिसंवेदनशीलतेचा दाह होतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. दाणे टाकणाऱ्यांची जीवदयेची भावना, जिच्यामागे जैन आणि गुजराती समाजांची जुनी परंपरा आहे, खोटी ठरवण्याचे कारण नाही. तथापि दाट वस्तीत दिवसभर धान्य उपलब्ध ठेवले की कबुतरांची संख्या नैसर्गिक मर्यादेत राहत नाही, आणि त्याचा त्रास दाणे न टाकणाऱ्या शेजाऱ्यालाच अधिक होतो. नंतर महापालिकेने वस्तीपासून तुलनेने दूरच्या काही ठिकाणी, सकाळी ठरावीक वेळेतच, दाणे टाकण्याची मुभा दिली. हा तोडगा दोन्ही पक्षांना अपुरा वाटला, तरी जागा आणि प्रथा वेगळ्या काढता येतात, हे त्यातून मान्य झाले.

गोव्याच्या दक्षिणेला, मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे 19 किलोमीटरवर, नेत्राणी बेट आहे. इंग्रजी नकाशांत ते कबुतरांच्याच नावाने, पिजन आयलंड म्हणून, नोंदले गेले. कड्याकपारींत वस्ती करणे हा पारव्याचा मूळ स्वभाव असल्यामुळे ते नाव अस्थानी नाही. तिथे दाणे टाकणारे कोणी नाही आणि फलकही नाही. नौदलाने बेटाचा वापर गोळीबाराच्या सरावासाठी केला, त्यावर पर्यावरणप्रेमींनी आक्षेप घेतले आणि आज गोव्यातूनही स्कूबा डायव्हिंगच्या सहली तिथे जातात. मात्र त्या सहलींचे आकर्षण पाण्याखालचे प्रवाळ आणि मासे हे आहे.