विज्ञानपट आणि रोजच्या वापरातली यंत्रे : सोलापूरच्या संदर्भात

विज्ञानपट म्हणजे विज्ञानातल्या एखाद्या शक्यतेवर कथानक उभे करणारा चित्रपट. अंतराळयान, परग्रहवासी आणि कालयंत्र ही त्याची ठळक ओळख. पण प्रेक्षकाच्या घरात खरोखर उतरली ती या पटांच्या कोपऱ्यात सहज मांडून ठेवलेली किरकोळ यंत्रे : समोरच्याचा चेहरा दाखवणारा फोन, हातात धरायचा पडदा, बोललेले ऐकणारे घर, गिऱ्हाईक ओळखणारे दुकान. अशा यंत्रांबद्दल विज्ञानपटांनी काय मत दिले आणि ते देताना कोणता समाज गृहीत धरला, याचा विचार या नोंदीत सोलापूरच्या संदर्भात केला आहे. गिरण्या, यंत्रमाग आणि विड्या यांच्यावर पोसलेल्या या शहराची यंत्राशी गाठ आधी कामगार म्हणून पडली, गिऱ्हाईक म्हणून फार नंतर. त्यामुळे पडद्यावर नवे यंत्र दिसले की ‘केवढ्याला मिळतं?’ याच्या आधी ‘चालवतं कोण, आणि कुणाचं काम जातं?’ हा प्रश्न इथे सुचतो.

त्या प्रश्नाचे मूळ मागाच्या शेडमध्ये सापडते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. जिथे पुठ्ठा कोरा, तिथे धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. मोराच्या जागी फूल विणायचे झाले तर मागात काही बदलावे लागत नाही, वरची माळ बदलली की झाले. जोसेफ मारी जकार या फ्रेंच कारागिराने ही रचना १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आखलेल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, आणि विसाव्या शतकातल्या संगणकांनाही बराच काळ छिद्रे पाडलेल्या कागदांवरूनच आज्ञा दिल्या जात. आज ज्याला प्रोग्रॅम म्हणतात तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू भाषक विणकरांच्या वस्तीतल्या, मागांवर डोक्याशी लोंबकळत होता, आणि त्याच्या खाली उभा असलेला माणूस धागा तुटला की गाठ मारत होता. यंत्र विचार करू लागले की माणसाकडे काय उरते, या प्रश्नावर विज्ञानपटांनी कैक रिळे खर्ची घातली. गाठ मारणे उरते, हे उत्तर सोलापूरकराला आधीपासून ठाऊक होते.

१८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, ही या शहराच्या यंत्रयुगाची सुरुवात. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचे आणि भोंग्यावरच पाळी बदलायची. फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटात नेमके हेच आहे : वर बागा आणि मनोरे, खाली कामगारांचे शहर, आणि भिंतीवर पाळी मोजणारे १० तासांचे घड्याळ. हा पट आला तेव्हा १९२२ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कारखान्यांत प्रौढ कामगाराचा दिवस जास्तीत जास्त ११ तासांचा होता. तो १० तासांवर आला १९३४ च्या कायद्याने. म्हणजे जर्मन दिग्दर्शकाने भयस्वप्न म्हणून टांगलेले घड्याळ इथल्या गिरणीतल्या घड्याळापेक्षा तासाभराने उदारच होते.

त्या पटाचा शेवट मात्र गुळचट आहे. हात आणि मेंदू यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असे म्हणून मालक आणि कामगार हस्तांदोलन करतात. खुद्द लांगलाही पुढे हा शेवट पटेनासा झाला. सोलापुरात असे हस्तांदोलन झाले नाही. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, १९५० च्या आरंभी सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि भागधारकांच्या हक्कांचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्यघटनेतल्या समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्कांवरचे सुरुवातीचे महत्त्वाचे निवाडे या गिरणीच्या नावाने आहेत. यंत्र कोणाचे, हा प्रश्न सिनेमाने हृदयावर सोपवला. इथे तो वकिलांनी लढवला.

चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) काटेकोर अर्थाने विज्ञानपट ठरत नाही. पण त्यातले कामगाराला काम न थांबवता जेवू घालणारे यंत्र इथे नोंदवायला हवे. ते विकायला आलेला विक्रेता जेवणाची सुट्टी वाचेल, असे मालकाला पटवत असतो. यंत्राचे गिऱ्हाईक एक आणि ते सोसणारा दुसरा, हे इतक्या कमी वेळात क्वचितच कुणी दाखवले असेल. एकाच कामगाराने किती माग सांभाळायचे यावरून यंत्रमाग धंद्यात होणाऱ्या वादांच्या मुळाशी हेच आहे.

घरगुती यंत्रांच्या बाबतीत सर्वांत अचूक निघालेला पट म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८). त्यातले अंतराळवीर जेवताना सपाट पडद्यावर बातम्या बघतात. २०११ मध्ये टॅब्लेटच्या रचनेवरून अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्यात खटला चालू असताना सॅमसंगने हेच दृश्य न्यायालयापुढे ठेवले होते. त्याहून लक्षात राहतो तो एक फोन. अंतराळस्थानकावर थांबलेला बाप पृथ्वीवरच्या लहान मुलीशी तिचा चेहरा बघत बोलतो. तिच्या वाढदिवसाला तो पोचणार नसतो. भेट काय हवी, असे विचारल्यावर ती म्हणते, टेलिफोन. बोलणे संपते आणि पडद्यावर बिल उमटते : १ डॉलर ७० सेंट. भारतात तेव्हा परगावी बोलायला ट्रंक कॉल लावून ताटकळावे लागे. आज शिकून पुण्याला नोकरीला गेलेली सोलापूरची पोरे रोज रात्री घरी व्हिडिओ कॉल करतात. आई फोन इतका जवळ धरते की नुसते कपाळ दिसते, आणि ‘जेवलास का?’ हा प्रश्न छताकडे बघत विचारला जातो. अंतर कमी करणारे यंत्र म्हणून फोनची जाहिरात होते. कुब्रिकने ते अंतर सोसायला लावणारे यंत्र म्हणून दाखवले, आणि त्याचेच खरे निघाले.

माणूस ओळखणाऱ्या यंत्रांबाबत मात्र विज्ञानपटांची भीती या शहराला अर्धीच लागू पडते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ (२००२) मध्ये २०५४ सालचे जग आहे. रस्त्यावरच्या जाहिराती डोळ्यांतली बुबुळे टिपतात आणि माणसाला नावाने हाका मारतात. दुकानात शिरताच मागच्या खरेदीची आठवण निघते. पाठलाग चुकवायला नायक चक्क डोळे बदलून घेतो. यंत्र आपल्याला सगळीकडे ओळखेल, ही भीती ज्याच्या मागे बाजार लागतो त्याची आहे.

रेशन दुकानाच्या रांगेत भीती नेमकी उलटी असते. पहिले आधार क्रमांक २०१० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पुढे धान्यही अंगठ्याला जोडले गेले. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या फार मोठी आहे. तेंदूपान कात्रीने कापायचे, तंबाखू भरून गुंडाळायचे, टोक बोटाने आत मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी मोजली जाते हजार विड्यांवर. वर्षानुवर्षे हेच केल्यावर बोटांवरच्या रेषा झिजतात. मग पॉस मशीन, म्हणजे रेशन दुकानातले ठसा तपासणारे यंत्र, अंगठा घेत नाही. बोट पदराला पुसून पुन्हा, मग दुसरे बोट, मग डावा हात. मागून कुणीतरी ‘थोडं पाणी लावा’ म्हणते. बुबुळाची किंवा ओटीपीची पर्यायी सोय नियमांत आहे, पण ओटीपी येतो तो फोन बहुधा मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कामावर. यंत्राने आपल्याला ओळखावे म्हणून बाई धडपडते आहे, असा प्रसंग गाजलेल्या विज्ञानपटांत शोधावा लागतो. हा त्या प्रकाराचा दोष म्हणावा लागेल : पाळत त्याला दिसते, वगळणे दिसत नाही.

स्पाइक जोन्झच्या ‘हर’ (२०१३) मध्ये एकटा नायक फोनमधल्या आवाजाच्या प्रेमात पडतो, आणि तो आवाज एकाच वेळी ८,३१६ जणांशी बोलत असून ६४१ जणांवर प्रेम करतो हे कळल्यावर कोसळतो. एकटेपणा विकत घेऊन घालवता येतो का, हा त्याचा विषय. सोलापुरात अडचण भाषेपासूनच सुरू होते. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते, आणि वाक्य एकीत सुरू होऊन दुसरीत संपते. फोनमधल्या सहाय्यकाला पुस्तकी मराठी येते. ‘काय करालास बे?’ म्हटले की तो माफी मागतो. (त्या ‘बे’मधला जिव्हाळा इथून पुण्याला गेलेल्या माणसालाही समजावून सांगावा लागतो, यंत्राचे काय घेऊन बसलात.)

मराठीत विज्ञानकथा जोमाने लिहिली गेली, पण विज्ञानपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) हा त्यांतला एक. कारण सरळ आहे, पैसा. त्यामुळे सोलापूरकर हा प्रकार पाहतो तो बहुतेक हिंदीत उतरवलेला, आणि पूर्व भागात तेलुगूत. शंकर दिग्दर्शित, रजनीकांतचा २०१० चा पट तमिळमध्ये ‘एंदिरन’, हिंदीत ‘रोबोट’ आणि तेलुगूत ‘रोबो’. एकाच घरात त्याची दोन नावे चालतात.

त्याचा पुढचा भाग ‘२.०’ (२०१८) मोबाइलवरच उठलेला आहे. मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून खचलेला पक्षितज्ज्ञ मनोऱ्यालाच गळफास लावून घेतो. मग शहरातले फोन लोकांच्या हातांतून निसटून उडतात आणि त्यांचा महाकाय पक्षी बनतो. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने चित्रपट परीक्षण मंडळाकडे तक्रार केली, की हा पट खोटी भीती पसरवतो. पट म्हणून तो भडक आणि लांबलेला आहे, फोन उडण्याची दृश्ये मात्र विसरता येत नाहीत. सोलापुरात ही गोष्ट परकी वाटत नाही, कारण शहराजवळच नान्नजला १९७९ पासूनचे माळढोक अभयारण्य आहे आणि अलीकडच्या गणनांत तिथे एखाददुसराच माळढोक दिसतो. पण माळढोक कमी झाला तो गवताळ माळ नांगरले गेले, रस्ते झाले, शिकार झाली म्हणून. आणि राजस्थान-गुजरातेत त्याचा मोठा वैरी ठरल्या विजेच्या तारा. हा पक्षी अंगाने जड, आणि त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने उडताना समोरची तार वेळेत दिसत नाही. दिसली तरी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो सैल केला. चित्रपटाने दोष दिला फोनच्या लहरींना. पक्षी आदळतो तो फोन चार्ज करणाऱ्या विजेच्या तारेवर.